मामांचं घड्याळ: तीन कड्या काढल्या, चार नळ्या सांडल्या

मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी देवरुखहून आमच्याकडे पुण्याला आले, तेव्हा त्यांचं घड्याळ एका जागी राहतच नव्हतं. हात खाली सोडला की थेट तळहाताच्या गादीवर येऊन टेकायचं. चहाचा कप उचलला की खुळखुळत कोपराच्या दिशेनं निघायचं. गेल्या दोन वर्षांत मामा बरेच उतरलेत. घड्याळ मात्र अजून त्यांच्या मस्कतच्या दिवसांतल्या मनगटाच्या मापाचं.

सेइको ५, ऑटोमॅटिक. मामा एसी दुरुस्तीच्या कामावर मस्कतला होते तेव्हा, १९९८ साली, मत्राच्या बाजारातून घेतलेलं. मागच्या झाकणावर ७एस२६ हा आतल्या मशीनचा आकडा. या मशीनला हातानं चावी देता येत नाही, हात हलेल तशी ती भरते. वारांची चकती दोन भाषांत, इंग्रजी आणि अरबी. मामांनी वार कायम अरबीत ठेवलाय. का ते विचारलं तर म्हणतात, "सवय." कोकणातल्या ज्या घरांतून माणूस आखातात गेला, त्यांतल्या कितीतरी घरांत असं एखादं घड्याळ कपाटात नाहीतर हातात सापडेल. सेइकोनं ही मालिका १९६३ साली काढली. नावातला पाचचा आकडा म्हणजे पाच वचनं: आपोआप चावी, एकाच खिडकीत वार आणि तारीख, पाण्यापासून बचाव, चारच्या आकड्याशी दडवलेली किल्ली, आणि टिकाऊ केस (म्हणजे घड्याळाचं कवच) व पट्टा. मी पुढं जे काही केलं ते या पाचव्या वचनाशी.

"बाय, हे जरा लहान करून दे गो," मामा म्हणाले. "तू सगळं उघडून बघतेस ना?"

उघडून बघते हे खरं. माझ्या स्वतःच्या दोन घड्याळांचे स्टीलचे पट्टे मी घरीच लहान केलेत. त्याच अनुभवानं इथं घात केला.

मापं

हा भाग मी नीट केला होता, म्हणून तो सविस्तर सांगते.

कागदाची अरुंद पट्टी मामांच्या मनगटाला गुंडाळून खूण केली आणि पट्टीवर मोजली. सकाळी १६० मिलिमीटर, जेवण करून फेरी मारून आल्यावर १६४. मनगट दिवसभरात एवढं फुगतं, उन्हाळ्यात आणखी. सकाळच्या थंड हातावर माप घेतलं तर दुपारी घड्याळाचे वळ उठतात. मी मधलं १६२ धरलं. मग लॉक बंद करून पट्ट्याच्या आतून तशीच कागदाची पट्टी फिरवली, ती भरली १९२. धातूचा पट्टा मनगटापेक्षा पाच-सहा मिलिमीटरनं सैल असावा, करंगळीचं टोक आत जाईल इतका. म्हणजे १६८ च्या आसपास यायचं होतं, काढायचे होते २४.

एक कडी मोजताना हात चुकतो, म्हणून पाच कड्या मिळून मोजल्या: साडेसदतीस. एक कडी साडेसात मिलिमीटरची. तीन कड्या काढल्या की साडेबावीस जातात. उरलेला दीड-दोन मिलिमीटर लॉकच्या कडेला जी बारीक भोकं असतात, त्यांतल्या एका भोकानं भागतो. त्या भोकांचा उपयोगच तो.

तीन कड्या म्हणजे एका बाजूची एक आणि दुसऱ्या बाजूच्या दोन. सगळ्या एकाच बाजूनं काढल्या तर लॉक मनगटाच्या कडेला येतं आणि टेबलावर हात टेकला की टोचतं. सहाच्या आकड्याच्या बाजूला लॉकजवळच्या दोन कड्या अकडलेल्या होत्या. बाकीचा पट्टा इतका झिजलेला की आडवा धरला तर दोरीसारखा लोंबत होता (लोक म्हणतात पट्टा ताणला, ताणत काही नाही, पिना आणि भोकं झिजतात), पण ही जोडी मात्र एका तुकड्यासारखी ताठ. सांध्यातून तांबूस ओघळ आलेला. भिंगातून पाहिलं तर आतली पिन बाकीच्या पिनांसारखी नव्हती, बारीक होती, आणि टोक कटरनं तोडल्यासारखं चपटं. सेफ्टी पिनचा तुकडा. पट्ट्याचं स्टील गंजत नाही, पण सेफ्टी पिन साध्या लोखंडी तारेची असते. वरचा मुलामा तुटलेल्या टोकाशी संपला की घामातलं मीठ आपलं काम करतं, आणि गंज फुगून सांधा आवळतो. कुठल्यातरी दुकानदारानं पिन हरवली आणि गिऱ्हाइकाला गुंडाळलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दोन कड्या काढायच्या त्या याच, म्हणजे खराब सांधा आपोआप जाईल.

पहिली रात्र

ऑनलाइन मिळतं ते निळं प्लॅस्टिकचं पिन काढायचं यंत्र माझ्याकडं होतं. पट्टा त्यात आडवा ठेवायचा, मळसूत्र फिरवायचं, पुढची सुई पिनेला ढकलून बाहेर काढते. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसले. कड्यांच्या आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात. मळानं बुजले होते, ओल्या फडक्यानं पुसल्यावर दिसले. बाणाच्या दिशेनं पिन बाहेर ढकलायची, परत घालताना बाणाच्या उलट दिशेनं. इतपत मला ठाऊक होतं.

पहिली पिन हटेचना. मळसूत्र घट्ट होत गेलं, मग "कट्" असा आवाज आला आणि पिन सरकली. दुसरीही तशीच. तिसरीच्या वेळी यंत्राची सुई वाकली, ती बदलली. चार सांधे उघडले: एका बाजूचे दोन, दुसऱ्या बाजूच्या अकडलेल्या जोडीच्या अल्याड-पल्याडचे दोन. चार पिना बशीत पडल्या, दोन्ही टोकांना गुळगुळीत, सरळ, सुईसारख्या.

माझ्या आधीच्या दोन्ही पट्ट्यांत फाट्याची पिन होती. तिचं एक टोक उभं चिरलेलं असतं, चिरलेले दोन पाय किंचित फाकलेले असतात आणि तेच भोकात दाटून बसतात. ती घालताना अखंड टोक आधी, फाटा शेवटी. (त्या फाट्याची चीर बाहेरून अगदी स्क्रूच्या खाचेसारखी दिसते. कितीतरी जण तिथं स्क्रू ड्रायव्हर घालून पिळत बसतात.) या पिनांना फाटा नव्हता. मी समजले, साध्या पिना आहेत, भोकच घट्ट असणार.

कड्या जुळवून पिना परत घातल्या. बोटानं गेल्या. दोन्ही. सुळकन.

मी खूश झाले. मळसूत्रानं कुरकुरत निघालेली पिन परत जाताना बोटानं जाते, हे कुठंतरी खटकायला हवं होतं. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, दुसऱ्या दिवशी मामांची तपासणी. वर्तमानपत्राची घडी घातली आणि गॅलरीतून कुंड्यांवर झटकली. जास्वंदीच्या कुंडीत सेइकोच्या दोन-तीन नळ्या अजून असतील.

लॉकच्या भोकातली स्प्रिंगची पिन एका घरानं आत सरकवताना ती चिमट्यातून सुटली आणि उडाली, तेवढी मात्र सापडली. दिवे घालवून टॉर्च फरशीवर आडवा ठेवला की बारीकशा वस्तूचीही लांब सावली पडते. फ्रिजखालून काढली. आता हे काम मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करते. पिन उडाली तरी पिशवीतच राहते.

रिक्षात

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून परत येताना मामांनी रिक्षात दांडी धरायला हात उचलला आणि घड्याळ त्यांच्या मांडीवर पडलं. लॉक बंदच होतं. पट्टा सहाच्या बाजूला, मी जोडलेल्या सांध्यातच उघडला होता. पिन रिक्षात पडली की रस्त्यात, कळायला मार्ग नव्हता.

"काय गो, पट्टा लहान केलास की तोडलास?"

मी काही बोलले नाही. घरी येऊन दुसरा सांधा पाहिला. पिन एका बाजूनं दीड मिलिमीटर बाहेर आलेली. नखानं ढकलली तर आत गेली, उलट्या बाजूनं ढकलली तर तितक्याच आनंदानं बाहेर आली. मनगट वळेल तशी कडी वळते आणि वळताना पिनेला थोडी थोडी ढकलते. पिनेला अडवणारं काही नसेल तर ती दोन-तीन दिवसांत भोकाबाहेर येणारच.

मग निघताना तिला अडवत काय होतं?

नळी

हे शोधायला मी एक न उघडलेला सांधा घेतला. या वेळी खाली स्टीलचं ताट, त्यात पांढरा रुमाल. मळसूत्र अगदी हळू. पिन निम्मी बाहेर आल्यावर थांबले, चिमट्यानं ओढून घेतली, आणि कड्या रुमालावर हलक्या हातानं झटकल्या. मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी पडलं. मला ते मळाचं खपलं वाटलं. भिंगाखाली धरलं तेव्हा आरपार उजेड दिसला.

नळी होती. लांबी २.४ मिलिमीटर, बाहेरून १.३ जाड, एका अंगाला उभी चीर. म्हणजे पातळ पत्रा गुंडाळून केलेली, थोडी स्प्रिंगसारखी. पट्ट्यातली प्रत्येक कडी तीन भागांची, दोन कडेचे आणि एक मधला. मधल्या भागाच्या भोकात टूथपिक घातली तर एका बाजूनं थोड्या खोलीपर्यंत भोक रुंद आणि पुढं अरुंद, पायरी टोकाला लागते. नळी त्या रुंद खोबणीत बसते, पिन तिच्यातून जाते, आणि नळीची चीर फाकून पिनेला आवळून धरते. कडेच्या भागांची भोकं फक्त वाट देतात. पिन या पट्ट्यात काहीच धरत नाही, ती धरली जाते. धरणारी वस्तू ही, आणि मी चार झटकून टाकल्या होत्या.

सेइको आणि ओरिएंटच्या बऱ्याच पट्ट्यांत ही पद्धत असते. महागड्या पट्ट्यांत पिनेऐवजी स्क्रू असतात; ते फिरवून निघतात आणि परत घालताना ते सैल होऊ नयेत म्हणून हलक्या ताकदीचं लॉकटाइट, म्हणजे स्क्रूचा गोंद, लावतात. फाट्याची पिन सगळ्यांत सोपी. आपल्या आजोबांच्या हातात असायचा तो स्प्रिंगवाला पट्टा वेगळाच, हातावरचे केस उपटणारा. पद्धत कुठलीही असो, पहिली पिन हलवण्याआधी बघायचं एवढंच की ती अडून कशानं आहे. मी पिनेचं टोक पाहिलं, भोक पाहिलंच नाही.

आता हिशेब. सांधे जोडायचे दोन, म्हणजे दोन पिना आणि दोन नळ्या. पिना चार निघाल्या होत्या. दोन घातल्या, त्यातली एक रिक्षात गेली, दोन बशीत शिल्लक, म्हणजे पिनांची चणचण नव्हती. तपासायला उघडलेल्या सांध्याची नळी त्याच सांध्यात परत जायची होती. बाकी चार नळ्यांसाठी मी फरशी, टेबलाच्या फटी, यंत्राची खाच, शेवटी कुंड्यांची मातीसुद्धा धुंडाळली. चुंबकही फिरवून पाहिलं. पण अशा पट्ट्यांचं स्टील चुंबकाला जेमतेम दाद देतं, त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

एक सापडली, आणि सापडली ती सगळ्यांत सोप्या जागी. काढून ठेवलेली एकटी कडी मी भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशनं घासली तेव्हा पाण्यात काळा गाळ उतरला, आणि गाळासोबत नळी. मळानं तिला भोकात धरून ठेवलं होतं. पट्टा आधी धुवावा की नंतर, याचं उत्तर त्यामुळं मला देता येत नाही. नियमाप्रमाणं आधी, पण आधी धुतला असता तर ही नळीही गॅलरीतून गेली असती.

दोन हव्या होत्या, एक मिळाली.

काय करायचं नाही

दुकान दुसऱ्या दिवशी उघडणार होतं आणि मामांची चुळबुळ चालली होती, म्हणून दोन आडमार्ग मी विचारात घेतले. फेव्हिक्विक: एक थेंब आणि पिन बसली. पण ते पाण्यासारखं पातळ असतं, फटीतून शेजारच्या भागात शिरतं आणि फिरणारी कडीच चिकटून बसते. वाळल्यावर ठिसूळ होतं आणि वाकणाऱ्या सांध्यात तुटतं. मग नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनमध्ये पट्टा भिजत घालत बसा. दुसरा आडमार्ग, माझ्या जुन्या पट्ट्यातली फाट्याची पिन. ती घालून पाहिली. कडेच्या भोकात फाटा जरा दाटला, पण मधलं रुंद भोक नळीसाठी केलेलं, त्यात पिन डुगडुगत होती. एक रात्र चालेल, एक महिना नाही. मामांना सांगितलं, उद्यापर्यंत मोबाइलमध्ये वेळ बघा.

पेठेतलं दुकान

बोळातलं जेमतेम चार फुटांचं दुकान. काका चष्म्याला अडकवलेलं भिंग खाली पाडून बसलेले.

"काका, या पट्ट्याची पिन मिळेल?"

त्यांनी पट्टा हातात घेतला, सुटा सांधा उजेडासमोर धरला.

"पिन आहे की तुमच्याकडं, ताई. आतलं बुश कुठाय?"

"हरवलं."

"सगळ्यांचंच हरवतं." त्यांनी खालच्या खणातून एक गोल डबी काढली. आत भंगारात गेलेल्या पट्ट्यांचे तुकडे, पिना आणि तळाशी राखेसारखी चमचमणारी नळ्यांची भुकटी. माझी सापडलेली नळी मी चिकटपट्टीवर लावून नेली होती. ते शहाणपण कामाला आलं, कारण काकांनी मापं विचारलीच नाहीत. नमुना तळहातावर ठेवला आणि चिमट्यानं एकेक नळी त्याच्याशेजारी लावून बघू लागले. मी तरी व्हर्निअरनं घेतलेली तीन मापं वाचून दाखवली: पिनेची जाडी १.०, रुंद भोकाची १.३, नळीची लांबी २.४. काका म्हणाले, लांबी थोडी कमी चालेल, जास्त चालणार नाही, बाहेर डोकावली तर कडी आवळेल. आणि खरी परीक्षा आकड्यांची नसतेच. त्यांनी नळी पिनेच्या टोकावर लावली, बोटानं जरा दाबली, आणि पिन उलटी धरून झटकली.

"बोटानं आरपार सरकली तर आपल्या कामाची नाही. बोटानं टोकावर चढली पाहिजे आणि तिथं अडली पाहिजे."

पहिल्या तीन नापास झाल्या. चार पास झाल्या, चारही घेतल्या. शिवाय एक मिलिमीटर जाडीच्या दोन लांब पिना, कारण काढलेल्या कड्या उद्या परत लावायच्या झाल्या तर पिना लागतीलच. आणि केसजवळच्या दोन स्प्रिंगच्या पिना, अठरा मिलिमीटरच्या. जुन्या मी काढून पाहिल्या होत्या, एकीचं टोक झिजून अणकुचीदार झालेलं. घड्याळ पडतं ते बहुतेक वेळा पट्ट्याच्या कडीतून नव्हे तर तिथून. सगळे मिळून एकशे वीस रुपये. जायच्या आधी मी सेफ्टी पिनची जोडी दाखवली आणि दुकानदारांबद्दल थोडं बोलून घेतलं. काकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दुकानातलं काम नाही वाटत हे." मला वाटलं, व्यवसायबंधूला पाठीशी घालतायत.

बसवणं

पट्टा घड्याळापासून सोडवून आधी पूर्ण धुतला, पंख्याखाली रात्रभर वाळवला. ताट, रुमाल, लाकडाचा ठोकळा. ठोकळ्यात पट्टा उभा राहील अशी करवतीनं खाच पाडली आणि खाचेत मास्किंग टेप लावली. पहिल्या रात्री यंत्रानं एका कडीवर ओरखडा काढला होता, तो आहेच.

टूथपिकच्या टोकाला किंचित व्हॅसलीन लावून नळी उचलली आणि मधल्या भागाच्या रुंद भोकात ठेवली. पायरीला टेकेपर्यंत ढकलली. कडेचे भाग दोन्ही बाजूंनी जुळवले. कड्या सरळ रेषेत आहेत का, हे भोकातून आरपार उजेड बघून ठरवलं. उजेड पूर्ण गोल दिसायला हवा, चंद्रकोर दिसली तर पिन नळीच्या कडेवर आदळते आणि नळी चेचते. मग बाणाच्या उलट दिशेनं पिन. बोटानं थोडी गेली आणि अडली. त्या अडण्याचा मला जो आनंद झाला तो पहिल्या रात्रीच्या सुळकन जाण्याचा झाला नव्हता.

पितळी तोंडाची छोटी हातोडी. हलके ठोके, सहा-सात. पिन नळीतून जाताना आवाज बद्द येतो, पलीकडच्या भागात शिरली की खणखणीत होतो. शेवटचा मिलिमीटर बारीक पंच (पिन ठोकायची सळई) लावून आत घेतला. जोरात मारावं लागलं असतं तर थांबले असते, कारण जोर लागतो तेव्हा नळी तिरकी झालेली असते. दुसरा सांधा, काकांच्या नळीचा, पहिल्याच फटक्यात जमला नाही. पिन बाहेर काढून नळी पाहिली, शाबूत होती, परत बसवली.

दोन्ही सांधे शिवणाच्या जाड सुईच्या मागच्या टोकानं, अंगठ्याचा पूर्ण जोर लावून ढकलले. हलले नाहीत. पिनेच्या टोकावर आणि कडीवर मिळून मार्करचा एक ठिपका दिला. पिन फिरली किंवा सरकली तर ठिपका फाटतो. मामा अजून आठवडाभर होते. रोज सकाळी मी त्यांचा हात धरून ठिपके बघायचे आणि मामा मामींना फोनवर सांगायचे, "नाडी बघते गो ती माझी."

ठिपके फाटले नाहीत.

अकडलेली जोडीही सोडवली. सांध्यावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवला, सकाळी ०.८ च्या पंचनं सेफ्टी पिनची तार ठोकून काढली. लांब पिना कटरनं कापून १६.२ मिलिमीटरच्या केल्या, कडीच्या रुंदीपेक्षा दोन दशांशानं कमी, म्हणजे टोक बाहेर येऊन सदऱ्याच्या बाहीत अडकणार नाही. टोकं कानशीनं गोल केली. एका रिकाम्या औषधाच्या डबीत तीन कड्या, तीन पिना, तीन नळ्या भरून मामांच्या बॅगेत टाकल्या. वजन परत वाढलं तर असूदेत. तार माझ्या खणात राहिली, चिकटपट्टीवर.

फोन

दोन महिन्यांनी मामांचा फोन आला. डोळा छान आहे, घड्याळ जागेवर आहे, फणसाचे गरे पाठवतोय. मी विषय काढलाच: मामा, तुमच्या पट्ट्यात कुणी सेफ्टी पिन घातली होती, चांगलंच फसवलं तुम्हाला.

"कोण फसवील? मीच घातली ती."

२००३ साल, मस्कतमधल्या रुवीतली त्यांची खोली. डक्टमध्ये काम करताना पट्ट्याची पिन निघून आत पडली. संध्याकाळी खोलीवर सुईदोऱ्याच्या डब्यातली सेफ्टी पिन घेतली, सरळ पाय पकडीनं तोडला आणि घातला. "पण राहीना गो. घातला की गळायचा. मग जरा बाक दिला नि ठोकला. राहिला."

राहिला म्हणजे वीस वर्षांवर राहिला. नळी मामांच्या हातूनही हरवलीच होती, आणि तिचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. पण पिन गळते म्हणजे तिला आतून काहीतरी आवळायला हवं, हे त्यांनी एका संध्याकाळीत ओळखलं. तारेला बाक दिला की ती भोकाच्या दोन कडांना आणि मधोमध उलट्या अंगाला दाबून बसते, नळीचं काम तारच करते. गंज मागाहून मदतीला आला. माझी पिन मापाची होती, स्टीलची होती, गुळगुळीत होती आणि तीन दिवस टिकली.

फोन ठेवल्यावर खणातून चिकटपट्टी काढली. तार टेबलाच्या काचेवर ठेवली आणि शेजारी कापलेल्या पिनेचा उरलेला तुकडा. दोन्हींना टिचकी मारली. पिन गडगडत काचेच्या कडेपर्यंत गेली. तार जागच्या जागी डुलत राहिली.